दोन मजल्यांमधलं अस्तर

पेर्निक, २९ ऑगस्ट
संत योहानाचा उपास

प्रिय व्हेलिचका,

आलं ते असं. लाल मिरच्या वीस किलो, गावाकडच्या गाडीवरून, चोवीस लेव्हा. माणूस सव्वीस म्हणत होता. बरण्यांची नवी झाकणं, तीन लेव्हा. देवापुढच्या दिव्याचं तेल, नेहमीच्याच भावाने. आणि घराला थंडीचं अस्तर लावतात त्याचे चार नमुने, फुकट. पण ते आणायला बस दोनदा बदलावी लागली, तेव्हा तो खर्च धरायलाच हवा. एक पांढरा थर्माकोल, पातळ. एक पांढराच, जाड. एक करडा, हा तेवढ्याच जाडीत जास्त ऊब धरतो असं दुकानदार म्हणाला, आणि तेवढ्याच जाडीला किंमतही जास्त सांगितली. चौथी दगडी लोकर. दगड वितळवून त्याचे धागे काढतात म्हणे. जळत नाही, पण हाताला फार खाजते. चारही तुकडे खिडकीत मांडलेत आणि येता-जाता मी त्यांच्यावर तळवा ठेवून बघते. काही कळत नाही. ऑगस्टात सगळंच उबदार लागतं.

आज योहानाचं शिर कापलं तो दिवस, लाल काही तोंडात घालायचं नाही, सुरी धरायची नाही, म्हणून मिरच्या पोत्यातच आहेत आणि हात रिकामे. रिकामे हात मला सोसत नाहीत हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र. फोन तू उचलत नाहीस.

विषय असा. आमच्या उत्तरेकडच्या खोलीचा कोपरा काळा झालाय. दर शनिवारी व्हिनेगरने पुसते, पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. नव्या डॉक्टरीणबाईंनी मेतोदीच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि खाणीचं काही न विचारता झोपायच्या खोलीचं विचारलं. "भिंतीला बुरशी आहे का?" मी म्हटलं, थोडी. तर नवरा माझा म्हणतो, "बाई, आमच्या भिंतीला मिशा फुटल्यात." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अजून एक हिवाळा या खोलीत काढलात तर पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगू शकत नाही.

मेतोदी बरा आहे. खोकतो. जन्मभर जमिनीखाली कोळसा काढलेला माणूस खोकणारच. तू काळजी करावीस म्हणून लिहीत नाही, मी का विचारते आहे ते कळावं म्हणून लिहिते.

आपल्या इमारतीला आता जो तो आपापल्यापुरतं अस्तर चढवतोय. रस्त्यावरून बघितलं तर ठिगळं लावलेल्या बाहीसारखी दिसते. तिसरा मजला हिरवा, पाचवा गुलाबी, मधे नुसतं सिमेंट. प्लामेन नावाचा माणूस गच्चीवरून दोर सोडून लोंबकळत काम करतो, चौरस मीटरवर पैसे घेतो. आम्ही सातव्यावर, तू आमच्या डोक्यावर आठव्यावर; त्याचा दोर तुझ्या खिडकीवरून उतरणारच आहे. दोन्ही भिंती एकदम केल्या तर तो भाव कमी करतो. तुझी भिंत तुझ्या खर्चाने, आमची आमच्या.

मागचं काही मी काढत नाहीये. पण आई वर तुझ्याकडेच गेली, तिचा नववा दिवस होतो न होतो तोच तू हीटिंग कंपनीचा माणूस बोलावलास, वरचे सगळे गरम पाण्याचे रेडिएटर सील करवलेस आणि मला एका शब्दानेही न सांगता ग्रीसच्या बसमध्ये बसलीस. सील करणारा माणूसच जिन्यात मला सांगत होता. तेव्हापासून आमचं छत म्हणजे तळघराची फरशी. त्याच दिवशी तुझ्या घराची किल्ली मी पाकिटात घालून पाठवली, की बाई, तुझं घर तुला लखलाभ. तू उलट लिहिलंस, "ज्याचं घर त्याने तापवावं." ठीक. तीन वर्षं झाली. मी ते काढत नाहीये, फक्त थंडीचा विषय निघाला म्हणून लिहिलं.

चारांतलं कोणतं, आणि तुझी भिंत करायची की नाही, एवढंच कळव. दोर पडायच्या आत.

तुझी बहीण,
स्लावका


पेर्निक, १४ सप्टेंबर
पवित्र क्रूसाचा दिवस

व्हेलिचका,

चिठ्ठी पोचली. ग्रीसच्या बसवाल्याने दारात आणून दिली, त्याला कॉफी पाजली. "तुमच्या भिंतीचं तुम्ही बघा. माझ्या भिंतीला हात लावू नका." दोन ओळी आणि खाली एवढा मोठा कोरा कागद. कोरा भाग कापून मी सामानाच्या यादीला घेतला.

बरं. तुझ्या भिंतीला हात लागणार नाही.

रविवारी खाली जिन्यात बैठक झाली. इमारतीचे कारभारी अजून आसेनच आहेत, शाळेत भूमिती शिकवायचे ते. अजूनही बोलताना हवेत त्रिकोण काढतात. मी चारही नमुने पायरीवर मांडले. ते म्हणाले, "स्लावकाबाई, दगडी लोकरच घ्या. थर्माकोल पेटला तर खालपासून वरपर्यंत मेणबत्ती."

सहाव्यावरची दोन्का तिथेच होती. तिला आपलं मत ठेवल्याशिवाय जिना चढवत नाही. "मास्तर, तुम्ही स्वतः काय लावलंत?"

"मी अजून काही लावलेलं नाही. मी विचार करतोय."

"तीन वर्षं?"

"विचार करायला पैसे पडत नाहीत, दोन्काबाई."

प्लामेन कठड्याला टेकून सिगारेट ओढत होता. तो म्हणाला, "मावशी, लोकर लावायची तर मजुरी वाढवून द्या. ती मानेत जाते, पाठीत जाते, घरी गेलो की बायको जवळ येऊ देत नाही."

मेतोदी वरून उतरला, मधे दोनदा थांबला, पण उतरला. त्याने लोकरीचा तुकडा हातात घेतला आणि म्हणाला, "जन्मभर दगड फोडला. आता त्याचीच गोधडी पांघरायची होय?" सगळे हसले. मग हसता हसता त्याला ढास लागली आणि ती थांबेपर्यंत सगळे आपापल्या चपलांकडे बघत उभे राहिले.

मी फादर नेक्तारींनाही विचारलं. प्रार्थना झाल्यावर मेणबत्त्यांच्या टेबलाशी गाठलं. म्हणाले, "स्लावका, देवमातेला थर्माकोलचं विचारू नकोस. इंजिनिअरला विचार." मी म्हटलं, "फादर, इंजिनिअर पैसे घेतो." ते म्हणाले, "म्हणून तर त्याला नेमकं माहीत असतं."

शेवटी माझं मीच ठरवलं. लोकर परवडत नाही, करडा म्हणजे नुसता दुकानदाराचा तोरा, पातळ लावून पुन्हा बुरशी आली तर पैसे पाण्यात. जाड पांढरा घेतला. रंग जर्दाळूसारखा, कारण त्या रंगाचा अर्धा डबा प्लामेनकडे दुसऱ्या कुणाचा उरलेला होता, तो त्याने स्वस्तात दिला. पुढच्या सोमवारपासून काम. त्याआधी कोपरा खरवडून, औषध लावून, चुना मारून घ्यायचा आहे. मिरच्या भाजून झाल्या. घरभर धूर झाला म्हणून मेतोदीला दिवसभर खाली बाकावर बसवलं होतं.

तुला विचारलं नाही असं नंतर म्हणू नकोस.

स्लावका


पेर्निक, १४ ऑक्टोबर
संत पेटकेचा सण

प्रिय व्हेलिचका,

झालं! बाहेरून बघशील तर ओळखणार नाहीस. वरच्या राखाडी भिंतीत आमचा एक जर्दाळू रंगाचा चौकोन, बरोबर तुझ्या खिडक्यांच्या खाली संपतो. दोन्का म्हणाली, "स्लावके, टपालाचं तिकीट चिकटवल्यासारखं दिसतंय." दिसू दे. तिकीट लावल्याशिवाय काही पोचत नाही.

आतून भिंत आता हाताला थंड लागत नाही. खरंच लागत नाही. काल तीन-चारदा उठून हात लावून आले. पूर्वी कपाटामागे हात घातला की ओल्या कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं व्हायचं. आता कोरडी खडखडीत. कोपरा पांढराशुभ्र. आईचा फोटो पुन्हा त्या भिंतीवर टांगला, तीन वर्षं तो मी बैठकीच्या खोलीत ठेवला होता.

मेतोदी सध्या रादोमीरला आहे, चुलतभावाकडे. हवापालट. तिकडे अंगण आहे, कोंबड्या आहेत, त्याला करमतं. येईल आठवडाभरात. तो नसताना त्याचा पलंग मी खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला सरकवून ठेवला आहे.

एकटीला घरात बसवत नाही. आज सणाचं शिवण-टिपण करायचं नाही, कातायचं नाही, धुवायचं नाही. देवळात जाऊन आले, मेणबत्ती लावली, आईच्या नावाने उकडलेले गहू वाटले, तिघींनी घेतले. मग घरी येऊन नुसती या खोलीतून त्या खोलीत. तू कधी अशी फिरतेस का? तू सांभाळतेस त्या म्हातारीचं घर मोठं असेल, फिरायला जागा असेल.

छताला, भिंतीच्या अगदी वर, एक बारीक ओला दोरा दिसतोय. चुना अजून वाळतोय, दुसरं काय असणार. प्लामेन म्हणतो चुनाच. त्याचे दोर अजून गच्चीवर आहेत, पलीकडच्या विंगचं काम घेतलंय त्याने.

तुझ्याकडे थंडी पडली का? तिकडे समुद्र आहे, पडत नसेल.

तुझी,
स्लावका


पेर्निक, २७ ऑक्टोबर
संत दिमितरचा दुसरा दिवस

व्हेलिचका,

हे पत्र रागाचं आहे, आधीच सांगते. काल लिहायला घेतलं होतं, पण सणाचं असं लिहू नये म्हणून फाडलं. आज सण नाही.

मेतोदी रादोमीरला नव्हता. दवाखान्यात होता. नाकात नळी लावून होता. तुला का सांगितलं नाही म्हणशील, तर तू विचारलं नाहीस म्हणून. परवा घरी आला. ओठ अजून निळसर आहेत. आत आला, भिंतीवरून हात फिरवला, म्हणाला, "वा, स्लावके, आता मरायलासुद्धा उबदार वाटेल." मग पलंगावर आडवा झाला आणि छताकडे बघत राहिला. मीही बघितलं. दोरा नव्हता तो. हातभर रुंदीचा पट्टा झाला होता, कडेला करडा आणि मधे काळा, त्याच्या उशीच्या बरोबर वर.

भिंत कोरडी आणि छत ओलं!

मी प्लामेनला गच्चीवरून खाली बोलावलं आणि जिन्यातच धरलं. "पैसे घेतलेस ते कशाचे? सजावटीचे?"

"मावशी, भिंत बघा, भिंत कोरडी आहे की नाही?"

"भिंतीवर झोपायचं का त्याने?"

"गच्ची गळत असेल."

"गच्ची गळली तर पाणी माझ्या बहिणीच्या घरात पडेल, माझ्या घरात कसं येईल?"

मेतोदी आतून म्हणाला, "खाणीत पाणी ठिबकलं की आम्ही भिंतीला विचारत बसायचो नाही. वर काय आहे ते बघायचो. अरे पोरा, तू दोराने लोंबकळतोस ना? मग बघ जरा मेहुणीच्या खिडकीतून."

तो गेला. मी खाली अंगणात जाऊन मान वर करून उभी राहिले. दोन्का आली, आसेन आले, मग आणखी माणसं. वरून त्याचा आवाज आला.

"मावशी, तुमच्या बहिणीने पारवे पाळलेत का?"

व्हेलिचका, आईच्या खोलीच्या खिडकीची वरची झडप उघडी आहे. नीट उघडी, आतून आकडा लावून, वीतभर. पडद्यामुळे खालून दिसत नाही. तीन हिवाळे तिथून बर्फ आत येतोय, पाऊस आत येतोय, पारव्यांनी कपाटावर घरटं केलंय. जमिनीच्या लाकडी पट्ट्या फुगून उभ्या राहिल्यात असं प्लामेन सांगत होता, ओरडून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. मी इथे चार तुकडे खिडकीत मांडून कोणतं अस्तर, कोणतं अस्तर करत होते, आणि वर तू आकाश उघडं ठेवून गेलीस.

"ढकलून लावू का?" प्लामेनने विचारलं.

आईच्या खोलीला परक्या माणसाने बाहेरून हात लावायचा, तोही बुटाचा पाय भिंतीला टेकवून, हे मला बघवेना. मेतोदीने आमच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ढकल रे! उगाच बायकांच्या तोंडाकडे काय बघतोस!"

त्याने ढकललं. लागेना. लाकूड फुगलंय, आकडाही गंजून घट्ट बसलाय. जोर केला तर काच फुटून अंगणात येईल, म्हणाला. आतूनच करावं लागेल.

आत जायला किल्ली लागते. किल्ली तुझ्याकडे आहे. मीच पाठवली, माहीत आहे मला.

आज मेतोदीचं अंथरूण स्वयंपाकघरात घातलंय, टेबल बोळात काढून. त्याचे पाय फ्रिजला लागतात.

उघडी का ठेवलीस? एवढं एकच विचारते. किल्ली पाठव आणि हेही लिही.

स्लावका


पेर्निक, १५ नोव्हेंबर
नाताळचा उपास आजपासून

प्रिय व्हेलिचका,

बसवाल्याने आणलं ते असं: ऑलिव्ह, एक डबा. लोकरीचे मोजे, दोन जोड, मोठ्या मापाचे. मेतोदीसाठी खोकल्याचा मध. पाकीट, जाड, त्यात किल्ली. बसवाल्याला काही द्यायचं राहिलं नव्हतं, तू तिथेच दिलं होतंस. एवढं कशाला केलंस?

पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तर आईसाठी ठेवली होतीस. चाळीस दिवस आत्मा घरी येत-जात असतो, तिला वाट असावी म्हणून. आणि खिडकी उघडी तर रेडिएटर कशाला, ऊब सगळी रस्त्यावर जाणार, बिल आईच्या नावाने चढणार, म्हणून सील. म्हातारी पडली, तिकडून तुला फोन आला, त्याच संध्याकाळची बस. मला सांगणार होतीस, पण मी नवव्याच्या ताटांत होते आणि फणकारत होते. चाळिसाव्याला स्लावका वर जाऊन दिवा लावेल आणि खिडकी लावून घेईल, हे काय सांगायला हवं, असं तू धरून चाललीस. आणि तिथे पोचून आठवडा झाला नाही तोच माझं पाकीट, आत किल्ली.

चाळिसाव्याला मी देवळात शंभर माणसांना जेवू घातलं. गहू, पाव, वाइन, सगळं. वर मात्र गेले नाही. किल्ली नव्हती ना.

यावर मी इथे जास्त लिहीत नाही.

किल्ली आली त्या दिवशी मी जिन्याला लागले तर मागे मेतोदी. मी म्हटलं, "बस खाली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" म्हणतो, "त्या म्हणाल्या थंड खोलीत झोपू नका. थंड खोलीत जाऊ नका असं कुठे म्हणाल्या?" एका हातात रंधा, दुसऱ्या हाताने कठडा. मधे टेकत टेकत आला.

कुलूप सहज उघडलं. तुझ्या दोन खोल्या तशाच आहेत, धूळ आहे, वास आहे, बाकी काही नाही. तुझा हिरवा कोट दारामागे आहे. मी झटकला आणि परत टांगला. आईच्या खोलीचं दार ढकलावं लागलं. पट्ट्या उभ्या राहिल्यात, प्लामेन खोटं बोलला नाही. गादी गेली. चादर, उशी, खालचा गालिचा, तिन्ही टाकून द्यावी लागली. कपाट वाचेल. देवमातेची तसबीर आतल्या भिंतीला होती, ती कोरडी आहे. पारवे दोन होते. मेतोदीने टोपी काढून हलवली आणि म्हणाला, "चला, बिनभाड्याचं पुष्कळ राहिलात."

मग त्याने आकड्याला तेल लावलं, झडपेची कड रंध्याने थोडी थोडी उतरवली. मी खुर्ची धरून उभी. तो खाली बघून म्हणाला, "ये, तू लाव. तुझी आई."

मला नाही लावता आली, व्हेलिचका. हात वर गेला आणि तिथेच राहिला. तुझी चिठ्ठी एप्रनच्या खिशात होती. तू उघडलेली, मी कशी लावू असं काहीतरी मनात आलं. मग त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि मोठ्याने, शेजारच्या खोलीत कुणाला सांगावं तसं म्हणाला, "सासूबाई, बाहेर असलात तर आता दारातून या. किल्ली आली आहे." आणि ढकलून लावली.

एवढा वेळ खोलीत अंगणातले आवाज येत होते, ते एकदम थांबले. आम्ही खाली आलो. चहा केला. तो दोन मोजे एकावर एक घालून बसला होता.

आता पुढचं, आणि हे नीट वाच, कारण यावर त्याचा हिवाळा आहे.

खिडकी लागली म्हणजे पाऊस थांबला. थंडी थांबली नाही. आसेन येऊन बघून गेले, हवेत दोन-तीन त्रिकोण काढले आणि म्हणाले, वर रिकामं आणि खाली तापवलेलं असं असेल तर जानेवारीत छत पुन्हा घाम धरणार. आमच्या बाजूने छताला काही चिकटवायचं नाही. तसं केलं तर ओल त्याच्या मागे दडून वाढत राहील आणि दिसणारसुद्धा नाही. जे करायचं ते वरून. दोनच गोष्टी होऊ शकतात.

एक, आईच्या खोलीतल्या उभ्या राहिलेल्या पट्ट्या काढून तिथे दगडी लोकर अंथरायची, भिंतीपासून भिंतीपर्यंत, जाड. हेच खरं अस्तर आमच्या छताचं. चिकटवायचं नाही, नुसतं घालायचं. पण त्यावर चालता येत नाही, पलंग ठेवता येत नाही. दार लावून घ्यायचं आणि त्या खोलीत पुन्हा जायचं नाही.

दुसरी, त्या खोलीतल्या रेडिएटरचं सील काढायचं आणि तो मंद चालू ठेवायचा. खोली कोरडी राहील, पट्ट्या प्लामेनचा मेहुणा नव्या बसवून देतो. पण सील मालकिणीच्या सहीशिवाय निघत नाही, आणि रिकाम्या घरात महिन्याच्या महिन्याला आग पेटवून ठेवणं मला जमायचं नाही. तू पैसे पाठवलेस तरी जमायचं नाही, ते पाप आहे. तिथे कुणी झोपणारं, उठणारं, खिडकी पुसणारं असेल तर गोष्ट वेगळी. तुझी म्हातारी वारली असं तू पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलंस. पुढचं काही लिहिलं नाहीस. म्हणून विचारते.

दोन्ही करायचं नाही. एक केलं की दुसरं व्यर्थ.

थंडी वाढत चालली आहे आणि मेतोदी अजून फ्रिजला पाय लावून झोपतो, म्हणून मी थांबले नाही. त्या खोलीच्या मापाची लोकर परवा आणून ठेवली, महाग पडली, किती ते लिहीत नाही. पाच गुंडाळ्या बोळात उभ्या आहेत. दुकानदार म्हणाला, दोरी सोडली नसेल तर संत निकोलाच्या सणापर्यंत, म्हणजे सहा डिसेंबरपर्यंत, परत घेईन. मी दोरी सोडलेली नाही. मेतोदी रोज येता-जाता त्यांना विचारतो, "काय पाहुणे, राहणार की जाणार?"

प्लामेन विचारतो आहे. आसेन विचारताहेत. मला काही सुचत नाही, मी दिवसातून चारदा वर जाते आणि खाली येते. लोकर घालायची की रेडिएटर उघडायचा, ते उलट टपाली कळव.

तुझी बहीण,
स्लावका